आधी कोहळ्याले घालून पाहा

राम राम मंडळी. जयभीम. माय-बहिणींनो, तुमालेही नमस्कार.

मले भाषण देता येत नाई. मले दोर धरता येते. विहीर खचली, कोणी आत सापडलं, की दौलतभाऊ खाली उतरे अन् मी काठावर दोर धरो. इतकी वर्षं दोराच्या त्या टोकाले त्याचं वजन होतं. आज हे रिकामे हात कुठं ठेवावे ते समजून नाई राह्यलं. म्हणून बोलाले उभा झालो.

पहिले एक गोष्ट सांगतो. दौलतभाऊ काविळीनं गेला. विहिरीनं नाई गेला. या भागातल्या विहिरींनी त्याच्यावर लय डोळा ठेवला होता, पण एकीच्याही हाती तो लागला नाई. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, वहिनीच्या हातचं पाणी पिऊन गेला. रडा. मीही रडलो. पण हे ध्यानात ठेवून रडा.

अन् तो वाचला कशानं? हा पाहा. फोटोजवळ हार घालून ठेवलेला हा बांबूचा टोप.

जुन्या लोकायले आठवत असन. पहिले तो डोक्याले दुपट्टा गुंडाळून उतरे. एका उन्हाळ्यात वरून दगड आला अन् दुपट्टा रक्तानं भिजला. त्याच सांजेले गिरजावहिनी माह्या घरी आली. हातात विळा. म्हणे, "वामनभाऊ, डोक्यावर टोप नसताना त्याले खाली सोडलं, तर तुमचा दोर मीच कापीन. तो उतरायच्या आधी."

आता सांगा, अशा बाईपुढं कोण बोलणार?

मंग आमी दोघं टोप पाहाले निघालो. पुलगावच्या बाजारात भंगारवाल्यापाशी लढाईतला लोखंडी टोप भेटला. काय साजरा टोप होता! दौलतभाऊनं घातला तो वाटेतल्या नाचणगावातून थेट घरापर्यंत काढलाच नाई. फौजदारावानी चालून राह्यला होता. सारं गाव खूश. वहिनी एकटी खूश नाई. तिनं परसातलं कोहळं तोडून आणलं. म्हणे, "आधी कोहळ्याले घालून पाहा. मंग माह्या माणसाले."

कोहळ्याले टोप घातला. वरून दगड सोडला. ठण्! टोपाले ओरखडाही नाई. लोकायनं टाळ्या पिटल्या. वहिनीनं टोप उचलला, तर आत कोहळ्याच्या दोन फाका. दौलतभाऊच हळूच म्हणे, "टोप साजरा राह्यला, अन् मी भाजीत गेलो."

आपली सकूबाई, टोपल्या-सुपं विणणारी, तिथंच उभी होती. ती म्हणे, "मी बांबूचा विणून देईन." तिनं विणला. आतून गोधडीचे थर लावले. डोकं अन् बांबू यायच्यात बोटभर जागा ठेवली. दौलतभाऊनं एकच मागतलं. "कान उघडे ठेवजो, सकूबाई. खाली अंधारात मी डोळ्यानं नाई शोधत, कानानं शोधतो."

पुन्हा कोहळं. पुन्हा दगड. टोप कराकरा तुटला. सकूबाईच्या डोळ्याले पाणीच आलं. पण वहिनीनं आत हात घातला, तर कोहळं जसंच्या तसं! दौलतभाऊ म्हणे, "रडून काऊन राह्यली, सकूबाई? तुहा टोप तुटला म्हणून तर माहं डोकं वाचलं." त्या सांजेले साऱ्यायनं मिळून त्याच कोहळ्याची भाजी खाल्ली.

मंग तिनं तसाच दुसरा विणला. तो हा. आमच्या मोहल्ल्यातली विहीर खचली, तवा हाच त्याच्या डोक्यावर होता. ज्या विहिरीचं पाणी वरच्या आळीतलं कोणी पीत नव्हतं, त्या विहिरीत दौलतभाऊ उतरला. वरून दगड आला. टोप चिरला. अन् दौलतभाऊ माह्या लहान भावाले पाठीवर बांधून वर आला. वर आल्या आल्या त्यानं आमच्या घरचं पाणी मागतलं. तो माहा भाऊ मागं बसला आहे. डोळे पुसून राह्यला.

तवा आपण साऱ्यायनं काय केलं? टोपाले हळद-कुंकू लावलं. हा टोप पावला, आता हाच घालत जा, म्हणालो. दौलतभाऊ हसला. म्हणे, "मार खाल्लेला टोप पुन्हा डोक्यावर नाई. त्याचं काम झालं. त्याले खुंटीवर आराम करू द्या."

हे आज काऊन सांगून राह्यलो? कारण आता नामदेव उतरणार आहे. दौलतभाऊचा पोरगा. काल तो मले म्हणे, "काका, मी बाबाचाच टोप घालीन." तुमच्यातलेही कितीक जण होकारानं माना डोलवून राह्यले होते.

नामदेव, बापू, ऐक. तुही माया मले समजते. पण दगडाले ती समजत नाई. हा चिरलेला टोप घालून आला, तर मी दोर हाती घेणार नाई.

सकूबाईनं या दुखवट्यात दोन टोप विणले. तुह्या डोक्याच्या मापानं. दोन काऊन? एक आज सकाळी तुह्या मायनं फोडला. परसात गेली, कोहळं तोडलं, अन् दगड आपल्या हातानं सोडला. कोहळं साबूत निघालं. दौलतभाऊ गेल्यापासून वहिनीले मी तवा पहिल्यांदा हसताना पायलं.

दुसरा हा. ये, नामदेव. घाल. पट्टा आवळ. मान हलव. खाली वाक. आता वर पाहा. सरकत नाई ना? बस.

आता एकच पाहायचं राह्यलं. त्याच्यात ऐकू येते का.

मंडळी, उतरायच्या आधी दौलतभाऊ काठावर उभा राहून हात वर करे. सारं गाव गप होये. रडणाऱ्या बायाही गप होत. त्या शांततेत तो खालचा आवाज ऐके. आज आपण त्याच्यासाठी उभं राहू, पण डोकं खाली घालून नाई. त्याले विहिरीच्या काठावरची शांतता द्या. माना वर, कान उघडे. खालून कोणी हाक मारत असन, तर ती नामदेवले ऐकू गेली पायजे.

उठा, मंडळी. मी हात वर करतो.

गप राहा. ऐकू द्या त्याले.