कुणालाच न उतरवता येणारं पान

मुलाच्या अटकेची बातमी देणारं वेबसाइटवरचं पान उतरलं, तर तो सुटेल, असा सौदा तुरुंगाच्या साहेबाने नालोंगोपुढे ठेवला होता. कंपालात जुळ्यांच्या आईला नालोंगोच म्हणतात. जुळ्यांतला धाकटा, काटो, आत होता. भेटीच्या रांगेत तिच्या मागे उभी असलेली, भेटीलाच आलेली नाकायिझा बघत होती दुसरीकडे, पण कान इकडेच होते. ती वेबसाइट चालवणारा मुकीबी रांगेपाशी आला होता.

“मुकीबी, तुझ्या साइटवरचं माझ्या काटोचं पान काढ.”

“फोटो तुम्हीच दिला होतात, नालोंगो.”

“दिला होता. आता परत मागतेय.”

“सरकारच्या नोटिसांवर नोटिसा आल्या, म्हणून मी साइट अशी बसवली की कुणालाच काही पुसता येऊ नये. देशोदेशींच्या लोकांच्या कॉम्प्युटरवर तिच्या प्रती आहेत.”

“मग त्यांना फोन लाव.”

“ते कोण, हे मलाही माहीत नाही.”

“तू मालक ना रे?”

“मालकाला झोडपून पान काढायला लावतील, म्हणून मालकाच्या हातातही काही ठेवलं नाही.”

“हुशार आहेस. म्हणजे तुला मारूनही उपयोग नाही.”

“नाही.”

“आणि पाया पडूनही नाही.”

“अहो, उठा! आईच्या वयाच्या बाईनं माझ्यापुढे गुडघे टेकायचे?”

“साहेबापुढेही टेकले. त्यानं निदान भाव तरी सांगितला.”

“सगळं जग काटोला ओळखतं आता.”

“जगाला सांग, संध्याकाळी माझ्याकडे जेवायला ये.”

फाटक उघडलं. साहेबाची खुर्ची शाबूत राहिली, मुकीबीची साइटही शाबूत राहिली. किंमत तेवढी नालोंगोच्या वाट्याला आली, आणि गुडघ्यांवरची लाल माती न झटकता ती एकटीच आत गेली.