शिट्टी वाइंडिंगची नव्हती

मृणालिनी : उठू नका, अनसूयाताई. कामावर यायचं नंतर बोलू. आधी एवढंच सांगायला खारी गावात तुमच्या घरी आलेय, की तुमच्या वाइंडिंगमध्ये, तार गुंडाळण्यात, काही खोट नव्हती.

अनसूया : ते मना ठाऊक हाय, म्याडम. पंधरा दिस झाले घरी बसून. सायब सगळ्या बायांसमोर म्हनाले, अनसूयाची तार सैल, म्हनून ट्रान्सफॉर्मर शिट्टी घालतो. आन् त्यापायी चौक गावच्या धाकूची बोट दर्यात अडकली.

मृणालिनी : शिट्टी ट्रान्सफॉर्मरमधूनच येत होती. म्हणून सरांना तसं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं होतं.

अनसूया : तुमालाबी?

मृणालिनी : हो. मग मी चौकला जाऊन धाकूदादांना भेटले. ते म्हणाले, समुद्रात इंजिन बंद पडलं तेव्हा वायरलेसवर बाकीच्यांचं सगळं ऐकू येत होतं. पण बोलायचं बटण दाबलं की वायरलेसला वीज पुरवणाऱ्या आपल्या पॉवर सप्लायची शिट्टी सुरू व्हायची आणि यांचा आवाज तुटायचा. दुसऱ्या बोटीच्या नजरेस पडले म्हणून वाचले. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, बोलणं तुटतंय म्हणजे व्होल्टेज डगमगतंय. सैल तारेनं नुसता आवाज झाला असता, व्होल्टेज डगमगलं नसतं.

अनसूया : मग काय व्हतं?

मृणालिनी : कारखान्यात येऊन, बटण दाबल्यासारखा भार पडावा म्हणून सप्लायला मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब जोडला आणि तो चालू-बंद करत स्कोपच्या पडद्यावर व्होल्टेज बघितलं. बल्ब लागला की बारा व्होल्ट खाली, मग वर, मग परत खाली. थांबतच नव्हते. सप्लायमध्ये एक भाग सतत व्होल्टेज बघत असतो. कमी झालं की वाढवतो, वाढलं की उतरवतो. त्याचं उत्तर उशिरा पोचत होतं. त्या वर-खाली होण्याचीच शिट्टी ट्रान्सफॉर्मरमधून यायची.

अनसूया : आमच्या बाच्या मिठागरावर असा एक गडी व्हता. पानी पुरे म्हनून हाळी घातली, का हा उशिरा दार लावायचा. तवर पानी बांधावरून वाहायचं. सोड म्हटलं, का त्यो दार उघडेस्तोवर पार कोरडं.

मृणालिनी : अगदी तसंच. आता हे आधी का नव्हतं? दिवाळीनंतर सरांनी कपॅसिटर बदलले. महागाचे, चांगले. जुन्यांच्या पोटात विजेला थोडा रोध असायचा, आणि त्यानंच तो उशीर भरून निघायचा. आपल्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. नव्यांत तो रोध जवळजवळ नाही.

अनसूया : चांगला माल घातला आन् बिघडलं?

मृणालिनी : माल चांगलाच आहे. डिझाइन जुन्या मालाचं राहिलं होतं. मी सगळं गणित परत मांडलं आणि त्या बघणाऱ्या भागापाशी एक रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर घातला. जुने परत लावले असते तरी आज भागलं असतं. पण तेही गरमीनं सुकतात, बदलतात. आता दोन्हींवर चालतं. गरम, गार, बॅटरी उतरलेली, सगळं करून बघितलं. बारा व्होल्ट जरासे वाकतात आणि जागेवर येतात. ट्रान्सफॉर्मर तुमचाच. एक वेढा उलगडला नाही.

अनसूया : आन् बोटीवर?

मृणालिनी : काल धाकूदादा भर समुद्रातून वायरलेसवर बोलले. बंदरावर त्यांच्या घरच्या, चंपावहिनी, होत्या, त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

अनसूया : सायबाला सांगितलंत हे?

मृणालिनी : सगळं. ते बाहेर रिक्षात बसलेत. आत कसं यावं कळत नाहीये त्यांना.

(सुभाष दारात येऊन उभा राहतो.)

सुभाष : अनसूयाबाई, कपॅसिटर मी बदलले. परत टेस्ट न करता माल पाठवला, तोही मीच. आणि नाव तुमचं घेतलं. चुकलं माझं. बाकीच्या अकरा बोटींचे सप्लाय परत मागवलेत. तुम्ही उद्यापासून या.

अनसूया : हिथं कोन हाय ऐकायला, सायब? तुमी बोललात ते चौदा बायांसमोर.

सुभाष : त्यांच्यासमोरही सांगतो. उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी.

अनसूया : सकाळी सगळ्यांची घाई असते. आमी डबा खायला बसतो, तवा या. आन् उभ्यानं न्हाय, आमच्यात खाली बसून सांगा.