ईश्वरा आप्पांनी पिस्तूल धरून बघितलं

ऐका मंडळी! पुढच्यांनी जरा सरकून घ्या, मागं आयाबाया उभ्या आहेत... हं, बसा माउली, बसा. आता मी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही. लगेच दिलेलं उत्तर माणसानं घरून आणलेलं असतं!

प्रश्न असा — माणसाला भीती वाटते म्हणून तो हत्यार घेतो, की हत्यार घेतलं म्हणून त्याला भीती वाटायला लागते?

ते खांबाजवळचे पाटील लागले मान हलवायला! पाटील, अजून मी काही बोललोच नाही. थांबा जरा.

तर द्राक्षाच्या मुलखात एक गाव. तिथं ईश्वरा आप्पा खराडे. चांगला बागायतदार माणूस, पांढरं धोतर, भारदस्त मिशा, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातली म्हैस वळून बघायची. त्यांना धाकटा भाऊ — केरबा. एकाच ताटात जेवलेले, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. आणि आता? एकमेकांशी बोलत नाहीत!

का बोलत नाहीत? जमिनीवरून? नाही. पाण्यावरून? अहो नाही! फेट्यावरून! केरबाच्या पोराचं लग्न होतं. मांडवात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले. व्याह्याला बांधला, व्याह्याच्या मेव्हण्याला बांधला, फोटोवाल्यालासुद्धा बांधला! आणि मुलाचा सख्खा चुलता, थोरले आप्पा — तसेच बसले, बोडके! गडबडीत राहून गेलं हो. केरबाच्या लक्षात आलं तेव्हा आप्पा मांडवातून निघून गेले होते. केरबा म्हणाला, ‘मला हाक मारली असती तर काय झालं असतं?’ आप्पा म्हणाले, ‘मी मागून फेटा घेऊ?’ झालं. अबोला पडला.

हसताय? तुमच्या घरातला अबोला कशावरून पडलाय ते विचारू का सगळ्यांसमोर? नको ना? मग ऐका गुपचूप.

पुढं काय झालं — शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला. आप्पांची वस्ती रानात, एकटी. आप्पांनी परवान्यासाठी अर्ज केला. ही बातमी केरबाला कळली. कोणी सांगितली? अहो, गावात बातमी सांगायला माणूस ठेवावा लागतो का! ‘थोरल्यानं पिस्तुलाचा अर्ज केलाय म्हणं.’ केरबाला वाटलं, हे आपल्यासाठीच! चोरांसाठी अर्ज केलाय, हे त्याला सांगणार कोण? बोलणंच बंद! त्यानंही अर्ज केला. आता गंमत बघा देवाची — आप्पांचा अर्ज कचेरीत झोपला, आणि केरबाचा टुणकन उडी मारून पुढं गेला. केरबानं रिव्हॉल्व्हर आणलं. पॉइंट बत्तीसचं. छोटंसं, मुठीत मावणारं.

आता त्या खराड्यांच्या भावकीत एक रिवाज आहे. खंडेनवमीला सगळ्या घरांची हत्यारं भैरोबाच्या देवळात आणायची. एक मोठी घोंगडी अंथरायची, आणि वडीलकीच्या क्रमानं ज्यानं त्यानं आपलं हत्यार मांडायचं. शेतकऱ्याचं खुरपं, सुताराचं किंकरं, ड्रायव्हरचा पाना, मास्तरचा पेन! आणि एकदा गुरवानं हळदकुंकू वाहिलं, की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनापर्यंत कोणी हात लावायचा नाही. ते देवाचं झालं. अबोला असो, कोर्टकचेरी असो — यात खंड नाही. आणि क्रमानं मांडायचं म्हटल्यावर आप्पांच्या शेजारी कोण? केरबाच!

गेल्या वर्षी केरबानं घोंगडीवर ते चकचकीत रिव्हॉल्व्हर ठेवलं. सगळी भावकी वाकून वाकून बघायला लागली. आणि त्याच्या शेजारी आप्पांचं काय होतं? द्राक्षाची छाटणी करायची कात्री! दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली! पोरं फिदीफिदी हसली. आप्पांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी आल्यावर त्यांच्या मंडळी, चंपाकाकू, म्हणाल्या, ‘अवो, त्या कात्रीवर आपलं घर चाललंय.’ आप्पा म्हणाले, ‘तू गप!’

यंदा आप्पांचा परवाना आला. आणि आप्पांनी पारावर बसून सगळ्या गावाला ऐकवलं, ‘केरबाचं बत्तीसचं हाय न्हवं? मी पंचेचाळीसचं आणतो! घोंगडीवर ठिवलं की घोंगडी दबली पायजे!’

बघा हं — चोर कुठं गेला? दरोडा कुठं गेला? आता पिस्तूल कोणाच्या मापानं घ्यायचं ठरलं? भावाच्या!

आप्पा शहरात गेले. बंदुकीचं दुकान सगळ्या शहरात एकच, केरबानंही तिथूनच आणलेलं. तुम्ही कधी गेलाय का बंदुकीच्या दुकानात? मीही नाही गेलो. पण मला फार उत्सुकता! आप्पांनाही वाटलं होतं, आत कोणी गलमिशावाला, लाल डोळ्यांचा माणूस असेल. आत बघतात तर काय — एक म्हातारी बाई स्वेटर विणत बसलेली! कुमुदिनीबाई. नवरा गेल्यावर दुकान त्याच बघायच्या. काउंटरवर हिरवं कापड, काचेखाली ओळीनं पिस्तुलं मांडलेली, सोनाराकडं पाटल्या मांडतात तशी.

‘बसा. चहा घेणार? काय दाखवू?’

‘मोठं दाखवा.’

‘मोठं म्हणजे? कशासाठी हवंय? रानडुकरांसाठी असेल तर लांब नळीची बंदूक घ्या. वस्तीवर चोरांची भीती असेल तर हे बत्तीसचं पुष्कळ झालं.’

‘बत्तीसचं नगं!’ आप्पा असे दचकले, जणू बाईंनी ताटात कारलं वाढलं. ‘ते भावाकडं हाय. त्याच्यापेक्षा मोठं पायजे.’

बाईंनी सुया खाली ठेवल्या. ‘असं होय! भाऊ मोठा की धाकटा?’

‘धाकटा.’

‘मग बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. धंदा आहे, त्या कशाला नाही म्हणतील! मागच्या कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत पंचेचाळीसचं. जुनं, विलायती, काळंभोर. आप्पांचे डोळे चमकले. नळीच्या तोंडात अंगठा जाईल की काय असं वाटावं! उलटंसुलटं करून बघितलं. हे काय? ते काय? गोळी कुठून घालतात? केवढी असते? ही खोबणी कशाला? लहान पोरानं जत्रेत विचारावं तसं आप्पा विचारत होते, आणि बाई सांगत होत्या. बाईंनी उघडून दाखवलं — रिकामं आहे. ‘रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं, आणि माणसाकडे कधी धरायचं नाही. हं, आता त्या भिंतीकडे धरा. हात लांब करा. कॅलेंडरवर नेम धरून बघा. हातात बसतंय का, ते कळेल.’

आप्पा उभे राहिले. हात लांब केला. एक डोळा मिटला.

मंडळी, आता नीट ऐका. त्या भिंतीवर कॅलेंडर होतं. कॅलेंडरवर फुलांची परडी होती. पण आप्पांना परडी दिसलीच नाही! त्यांना दिसलं एक कपाळ. उजव्या भुवईच्या वर एक पांढरा व्रण. कोणाचं कपाळ? केरबाचं!

आणि तो व्रण कोणाचा? आप्पांचाच! लहान असताना आप्पांनी पेरूच्या फांदीची गलोल केली होती. चिंचेवर नेम धरला आणि दगड लागला केरबाच्या कपाळावर. रक्ताची धार लागली. वडील काठी घेऊन धावत आले — कोणी मारलं? आणि ते एवढंसं पोर, रक्त पुसत म्हणालं, ‘कुनी न्हाई. मी बांधावरनं पडलो.’ थोरल्या भावाला मार बसू नये म्हणून! आप्पा हे विसरले होते. साफ विसरले होते.

आप्पांचा हात खाली आला. बाई म्हणाल्या, ‘जड आहे ना? सवय होते हळूहळू.’

सवय होते! आप्पांना त्या पिस्तुलाची भीती नाही वाटली, बाईंच्या या बोलण्याची वाटली. या कपाळावर नेम धरायची सवय? त्यांनी पिस्तूल हळूच हिरव्या कापडावर ठेवलं, घाम पुसला आणि चहा न घेताच बाहेर पडले.

आता खरी पंचाईत! पारावर बढाई मारून झालेली. खंडेनवमी आली. देवळात नुसती गर्दी! ज्यांच्या घरी हत्यार म्हणून सुरीसुद्धा नाही तेही आले होते — का? पंचेचाळीसचं बघायला! केरबा आला. आप्पांचा पत्ता नव्हता, म्हणून त्यानं खाली मान घालून, थोरल्याची जागा मोकळी ठेवून, आपलं बत्तीसचं घोंगडीवर ठेवलं. आप्पा आले. सदऱ्याच्या आत हात घातला. सगळ्यांनी श्वास रोखला. आणि आप्पांनी काय काढलं?

कात्री! तीच! ट्यूब गुंडाळलेली!

एक जण हसला. मग दुसरा. आप्पांचे कान लाल झाले, पण आप्पा जागचे हलले नाहीत. गुरव हळदकुंकू वाहत पुढं सरकला. आणि एवढा काळ न बोललेला केरबा हळूच म्हणाला, ‘दादा... आनलं न्हाईस व्हय?’

‘धरून बघितलं.’

‘मग?’

‘म्होरं तू दिसलास.’

आप्पांनीच विचारलं, ‘तू घेतलंस तवा तुला कोन दिसलं रं?’

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘दुकानातल्या बाई म्हनल्या, धरून बघा. मी धरलंच न्हाई दादा. कोन दिसंल, ह्येचं भ्या वाटलं. तसंच कागदात बांधून आनलं.’

ऐकलंत? एकानं धरून बघितलं आणि घेतलं नाही. दुसऱ्यानं घेतलं, पण धरून बघायची छाती झाली नाही! दोघांच्याही समोर भाऊच उभा होता.

केरबानं ते रिव्हॉल्व्हर उचलायला हात पुढं केला. गुरव ओरडला, ‘हां हां! कुंकू लागलंय! उद्यापर्यंत देवाचं!’ मग काय करतात? दोघंही रिकाम्या हातांनी देवळाबाहेर पडले, एकाच बांधावरून, एकामागं एक.

तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला — महाराज, पण त्या पिस्तुलाचं पुढं काय झालं? जीव अजून त्यातच अडकलाय ना? सांगतो. दसरा झाला आणि दोघं मिळून शहरात गेले. कुमुदिनीबाईंनी चष्मा वर केला. ‘काय हो, आता दोघांना मोठं हवंय का?’ आप्पा म्हणाले, ‘न्हाई बाई, ल्हान परत घ्या.’ बाईंनी रीतसर कागद करून ते परत घेतलं. जाताना फेटा केरबाच्या डोक्याला होता, येताना तो आप्पांच्या डोक्याला होता. गावानं बघितलंय.

गोष्ट संपली, पण तुम्ही सुटला नाहीत! उजवा हात वर करा सगळ्यांनी. लाजू नका, पाटील, तुम्हीपण! हात समोर लांब करा. मूठ आवळा. डोळे मिटा. आता खरं सांगा — समोर कोण दिसतंय? जाऊ? भाऊ? सून? शेजारी? मला नाव सांगू नका. मला काय करायचंय! पण कपाळ बघा त्याचं. त्यावर कुठंतरी तुमच्या हातचा व्रण असेल, आणि त्यानं कधीतरी ‘मी पडलो’ म्हणून तुम्हाला वाचवलेलं असेल.

दिसलं? मग आता मूठ उघडा. पालथी नको, तळवा वर. डोळे उघडा. तसाच राहू द्या हात, खाली घेऊ नका — गुरव प्रसाद घेऊन निघालेत, आणि मिटलेल्या मुठीवर प्रसाद ठेवता येत नाही हो. शेजारच्याला आधी मिळाला तर रागावू नका. विठ्ठल म्हणा, आणि घरी जाताना त्या कपाळाच्या माणसाकडं चहाला थांबा.