खांब्याला कळतंय तोवर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान पाहुणे मंडळी, क्लबचे पदाधिकारी, आजी-माजी खेळाडू, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि पुष्पगुच्छांच्या ढिगामागून ज्यांचं नुसतं डोकं दिसतंय ते आजचे सत्कारमूर्ती! तुमचे ते कोच सर. माझा मात्र शाळेपासून खांब्याच. एवढ्या उंच माणसाला दुसरं काय म्हणणार?

अध्यक्षांनी मघाशी कानात सांगितलंय, ‘थोडक्यात बोला आणि गोड बोला.’ थोडक्यात बोलेन. गोडाचं बघू.

तुम्हाला प्रश्न पडला असेल, अर्धा हंगाम शिल्लक असताना हा निरोप कसला? मागच्या रांगांतली कुजबुज ऐकलीय मी. कोणी म्हणतं, क्लबशी वाजलं. कोणी म्हणतं, मोठ्या क्लबनं पळवला. अहो, याला पळवायला आधी गुडघे द्यावे लागतील! तसं काही नाही. त्याला विसरण्याचा आजार झालाय, आणि तो वाढत चाललाय. हे इथं बोलू नये, असं काही जणांचं म्हणणं होतं. पण वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, सरळ सांगा. त्यांचीच तशी इच्छा आहे.’ त्यानं घरी सांगून ठेवलंय, ‘निरोप द्यायचाच आहे तर मला कळतंय तोवर द्या. नंतर काय, नुसत्या खुर्चीला द्याल.’

वहिनी, रडू नका हो. माझं पुढचं अडतं.

खेळाडू म्हणून काय सांगू? त्याची आई म्हणायची, ‘या पोराला कपडे शिवायचे की पडदे?’ पुढे व्यावसायिक क्लबनं त्याला उचललं, आणि मलाही. मी बहुधा त्याच्यावर फुकट मिळालो असणार. हा बास्केटखाली उभा राहायचा आणि मी डावीकडून पास सोडायचो. ती आमची चाल सगळ्यांना ठाऊक होती, तरी कोणाच्या बापाला अडवता आली नाही. मग ऐन भरात त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण उडी विसरा. पलंगावर पडल्या पडल्या यानं मला विचारलं, ‘उडी न मारता शिकवता येतं का रे?’ येतं की नाही, ते त्याच्या संघातल्या या पोरींना विचारा. मी इतकी वर्षं त्याचा सहायक म्हणून शेजारी बसून पाहिलंय.

आता गेल्या महिन्यातला सामना. वेळ संपत आलेली, आपण एका गुणानं मागे. यानं टाइमआउट घेतला, पाटी मांडीवर ठेवून चाल काढली आणि सांगू लागला, ‘खांब्या बास्केटखाली. जोडीदार डावीकडून. मिशीवाला मध्ये.’ जोडीदार म्हणजे मी, हे एवढं पोट घेऊन! आणि आमच्या वेळचा मिशीवाला देवाघरी जाऊन तर वर्षं लोटली. समोर पोरी उभ्या होत्या आणि हा आमच्या जुन्या संघाला खेळवत होता. मी तोंड उघडणार, तोच कॅप्टन म्हणाली, ‘हो सर. मिशीवाला मी.’ उंच पोरगी म्हणाली, ‘मी खांब्या.’ तिसरी म्हणाली, ‘मी जोडीदार, डावीकडून.’ शप्पथ सांगतो, एकीलाही हसू आलं नाही. गेल्या आणि आमची चाल जशीच्या तशी खेळल्या.

चेंडू रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये यानं मला झापलं, ‘पास उशिरा आला तुझा!’ मी म्हटलं, ‘चुकलं बाबा.’ बसमध्ये मात्र त्याला सगळं लख्ख आठवलं. खिडकीकडे तोंड करून म्हणाला, ‘अरे, मी पोरींना कोणाच्या नावानं हाका मारल्या?’ आणि ढसाढसा रडला. गुडघा गेला तेव्हाही तो रडला नव्हता. बसमधून उतरला आणि राजीनामा दिला.

आज इथं येताना गाडीत तो मला सारखा विचारत होता, ‘कसला रे कार्यक्रम?’ मी सांगायचो, ‘तुझा निरोप.’ दर वेळी त्याचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उतरायचा. सांगा, मित्राला किती वेळा निरोप द्यायचा माणसानं? माझ्यात नाही हो तेवढा दम.

पण आत्ता तो माझ्याकडे बघतोय, आणि त्याला सगळं कळतंय. मी ओळखतो ही नजर. म्हणून आत्ताच सांगतो, खांब्या. तू खेळलास, झकास खेळलास. पोरींना पोटच्या लेकींसारखं शिकवलंस. तुझ्याशिवाय बाकावर मला करमणार नाही. झालं. दिला निरोप. पुन्हा देणार नाही.

बाकी तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. उद्या संध्याकाळी हा गळ्यात शिट्टी अडकवून सरावाला येईल. येणारच, कारण आजचं काही त्याच्या ध्यानात राहणार नाही. हसतोस काय रे, येशीलच तू! तेव्हा कोणीही त्याला ‘सर, तुमचा निरोप झाला’ असं म्हणायचं नाही. त्यानं शिट्टी फुंकली की मुकाट्यानं पळायचं.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात माझं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि उद्यापासून त्याचं जे जे चुकेल, तेही.