फिरवलेलं ताट

धावपट्टीपलीकडच्या माडांमधून निथळलेलं सकाळचं ऊन विमानतळाच्या पडवीत उतरलं, दोरीने बांधलेल्या खोक्यांवर रेंगाळलं आणि मनिलाला निघालेल्या रोदेलच्या पायांशी येऊन थांबलं. मागच्या बाकावर, लेकीला आत सोडून आलेलं म्हातारं जोडपं बोलत होतं.

“ती जेवणावरून उठली, तेव्हा आपलं ताट जागच्या जागी फिरवलंस ना?”

“फिरवलं हो. निघालेलं माणूस सुखरूप पोचावं म्हणून दरवेळी फिरवते.”

“मग एकही पोर परत का येत नाही?”

“आपण पोचण्याचंच मागतो. परतण्याचं कुठे मागतो?”

“पुढच्या वेळी तेही माग.”

“आता जायला उरलंय कोण? तुम्ही?”

“हे गुडघे घेऊन?”

रोदेलला पहाटे आईने फिरवलेलं ताट आठवलं. नाताळला येतो, असं त्याने तिला सांगितलं होतं, स्वतःलाही.

तो येणार नव्हता.