सासू तो, सून तो

घशाच्या डॉक्टरांकडे नट आपल्या नंबरची वाट बघत बसला होता. गेले आठ दिवस त्याला बोलायची मनाई होती. नाटक किंवा पुस्तकांचं रेकॉर्डिंग, घशाला एकच झेपेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकी आत्ताच, तीस वर्षांत पहिल्यांदा, त्याला मोठी भूमिका मिळाली होती.

शेजारी एक आजी आणि तिची लेक बोलत होत्या.

"त्या कादंबरीचा पुढचा भाग आला का गं?"

"नाही आई. मी वाचून दाखवू?"

"नको. तू गाडी सुटत असल्यासारखी वाचतेस. रेकॉर्डिंगमधला तो 'दार उघडलं' म्हणाला, की मला दार दिसतं."

"नाटकात पाहिलंय मी त्याला."

"हो? राजा झाला होता?"

"छे! नोकर. चहाचा ट्रे ठेवला नि गेला. कायम तसलीच कामं."

"अगंबाई! इथे तर सासू तो, सून तो, पाळण्यातलं पोरसुद्धा तोच."

"हळू बोल, लोक बघताहेत."

"बघू देत. मला कुठे दिसताहेत?"

नटाचा नंबर आला.

"मग, काय ठरवलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"रेकॉर्डिंग," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाहेर एक आजी खोळंबल्यात."