लाल गोट्यांचा ढीग

जंगलातल्या गोट्यांवर उगाच बसू नोका, बाई. मी नवी नवरी होती, तवा जिवती गावाकडं सडक नव्हती. फागुनात होळीच्या रंगासाठी पळसाची फुलं आणाले सासूसंग लाल खडकांचा डोंगर चढली. सारा डोंगर फुलून राह्यला होता. थकून मी वाटेवरच्या गोट्यांच्या ढिगावर बसली.

सासू म्हणे, "ऊठ वं. तुहा सासरा आहे थो."

मले हसू आलं. "गोट्यात, आत्याबाई?"

"इथूनच वाघानं नेलं त्याले. जाळाले हाडूकबी नाई भेटलं. तवापासून येणारा-जाणारा एकेक गोटा ठेवते."

मी चटकन उठली, डोक्यावर पदर घेतला अन् चांगला मोठा गोटा उचलला.

सासूनं थो माह्या हातून घेऊन बाजूले टाकला. म्हणे, "लहान ठेव, बाई. लई वजन झालं त्याच्यावर."